कोयनेल, चार गोळ्या आणि नागपूरच्या पूर्वेचं रान

रेल्वे चालवायला इंजिनं लागतात, रूळ लागतात, गार्ड-ड्रायव्हर लागतात. बंगाल-नागपूर रेल्वेला याखेरीज डासांचा जाणकारही पदरी ठेवावा लागला. रोनाल्ड सीनियर-व्हाइट हे त्यांचं नाव आणि कंपनीचे मलेरियातज्ज्ञ हा त्यांचा हुद्दा. नागपूरहून गोंदियामार्गे छत्तीसगडाकडे आणि पुढे बंगालकडे जाणारी ही लाइन साल-सागवानाच्या रानांतून, भाताच्या खाचरांतून आणि शेकडो तलावांच्या काठाकाठाने जात होती. सांधेवाले, गँगमन, स्टेशनमास्तर तापाने फणफणले की गाड्या खोळंबत. सीनियर-व्हाइट यांनी या लाइनीच्या आसपासच्या ओढ्यांतल्या अळ्या गोळा केल्या, कोणता डास कुठे वाढतो याच्या नोंदी केल्या. पूर्व सातपुड्यातल्या हिवतापावर त्यांनी आणि ए. के. अधिकारी यांनी केलेला अभ्यास १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या काळात जाणकारांना उमगलेलं चित्र आजही बदललेलं नाही. संथ वाहत्या स्वच्छ ओढ्यात अॅनोफिलीस फ्लुव्हिएटिलिस वाढतो, तर साचलेल्या पाण्यात आणि भातखाचरांत अॅनोफिलीस क्युलिसिफेसीस. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव आणि चांद्याची, म्हणजे आजच्या चंद्रपूरची, रानं यांत दोघांचीही सोय होती.

डासांचा अभ्यास चालू होता, पण अंगात हिव भरलेल्या माणसाच्या हातात तेव्हा देण्याजोगी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कोयनेल.

कोयनेल, म्हणजे क्विनाइन, सिंकोना झाडाच्या सालीतून निघतं. पेल्तिए आणि कावाँतू या दोन फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये पॅरिसला ते वेगळं काढलं. १८३४ मध्ये फ्रीडलीप रुंगे या जर्मन रसायनतज्ज्ञाला कोळशाच्या डांबरात एक तेलकट, उग्र वासाचा द्रव सापडला. त्यानंतर आठ वर्षांनी, १८४२ मध्ये, शार्ल जेरार याने सालीतली कडू द्रव्यं अल्कलीबरोबर तापवली, तेव्हा त्यालाही तसाच द्रव मिळाला. झाडाची साल आणि दगडी कोळसा यांतून एकच पदार्थ निघत होता. तोच क्विनोलिन. नऊ कार्बन आणि एक नायट्रोजन यांची, एकमेकींना चिकटलेल्या दोन षट्‌कोनी कड्यांची ही जोडी. क्विनाइनच्या मोठ्या रेणूचा हा अर्धा भाग आहे. पुढच्या काळात क्लोरोक्विन, प्रायमाक्विन, मेफ्लोक्विन, बेडाक्विलिन अशी औषधांची रांग याच जोडीवर उभी राहिली.

रसायनशास्त्राच्या पुस्तकांत ही कथा पॅरिस, व्हिएन्ना आणि एल्बरफेल्डच्या प्रयोगशाळांतून सांगितली जाते. ती नागपूरहून पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावरूनही सांगितली पाहिजे. रेणू कुठेही तयार होवो, तो औषध ठरतो तो तापलेल्या माणसाच्या पोटात गेल्यावर. आणि या टापूत तो पोटात जायला नेहमीच फार वेळ लागला.

इंग्रज सरकारने सिंकोना भारतात आणला तो स्वतःच्या फौजेच्या आणि मळ्यांच्या गरजेपोटी. क्लेमेंट्स मार्कम याने दक्षिण अमेरिकेतून आणलेली रोपं १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला निलगिरीत लावली गेली. दार्जिलिंगजवळच्या मंगपू इथे दुसरी लागवड उभी राहिली. महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही याच काळात सिंकोना लावून पाहिला होता. आज तिथे धबधबा पाहायला जाणाऱ्यांना याची कल्पना नसते. महाबळेश्वरच्या पावसाने ती लागवड टिकू दिली नाही, आणि महाराष्ट्रात कोयनेल पिकवण्याचा बेत तिथेच आटोपला. मंगपूला मात्र सरकारी कारखाना निघाला. १८८७ पासून तिथे शुद्ध क्विनाइन तयार होऊ लागलं.

त्याच्या वाटपाची युक्ती सुचली बंगालमध्ये. १८९२ पासून टपाल कचेऱ्यांतून एका पैशाला कोयनेलची एक पुडी विकली जाऊ लागली. दवाखाना दहा कोसांवर असला तरी पोस्टमन फिरता असतो, हा त्यामागचा साधा हिशोब. ही पद्धत नंतर इतर प्रांतांतही गेली. पैशाची ही पुडी लोकांच्या अगदी जवळ गेली, असं म्हणायला हरकत नाही. तिच्यातही मोठी उणीव होती. पुडीतल्या औषधाने एक-दोन वेळा ताप उतरायचा, पण रोग मुळातून जायचा नाही. कोयनेल बरेच दिवस घ्यावं लागतं, ते कडू जहर असतं, त्याने कानांत गुंई वाजते, डोकं गरगरतं. पैशाची एक पुडी परवडणाऱ्या माणसाला पूर्ण उपचाराच्या पुड्या परवडत नसत. एकाड एक दिवस येणारा ताप महिन्याभराने पुन्हा यायचा, आणि कोयनेल बिनकामाचं आहे असा समज व्हायचा.

हिवतापापुढे थोर-लहान नव्हतं. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले आणि त्याच वर्षी हिवतापाने आजारी पडले. त्यांना वर्ध्याच्या सरकारी इस्पितळात हलवावं लागलं. नागपूरपासून दीड-दोन तासांवरचं हे गाव. तिथेच पुढे डॉ. सुशीला नय्यर यांनी कस्तुरबा रुग्णालय उभारलं. त्यांचं नाव या कथेत पुन्हा येणार आहे.

मार्च १९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतलं. जगातल्या सिंकोनाचं सुमारे नऊ-दशांश पीक त्या एका बेटावर निघत होतं. एका महिन्यात दोस्त राष्ट्रांच्या फौजा कोयनेलाला मुकल्या. त्याच १९४२ मध्ये नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. कामठीचे मँगनीज खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० मध्ये वारले, तेव्हा त्यांनी आपली संपत्ती विद्यापीठाला उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी ठेवली होती. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण त्या वर्षी देशाला रसायनतज्ज्ञांची किती निकड होती हे त्यांवरून कळतं. १९४५ च्या जानेवारीत भारतीय विज्ञान परिषदेचं अधिवेशन नागपूरला भरलं तेव्हा अध्यक्षस्थानी शांतिस्वरूप भटनागर होते. देशात रसायनांचे कारखाने आणि संशोधनसंस्था उभ्या करण्यासाठी धडपडणारा माणूस.

त्याआधी पाव शतक, १९२० मध्ये, हीच परिषद नागपुरात भरली होती. तेव्हा अध्यक्ष होते आचार्य प्रफुल्लचंद्र राय. त्यांनी स्थापलेल्या बेंगॉल केमिकलचा पुढे क्विनोलिनच्या एका औषधाशी असा संबंध आला की शंभर वर्षांनी, २०२० मध्ये, ते नाव अचानक सगळ्या वर्तमानपत्रांत झळकलं. त्याकडे नंतर येऊ.

क्लोरोक्विनची जन्मकथा दैवाच्या फेऱ्याची आहे. जर्मनीतल्या एल्बरफेल्डला, बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत, हान्स आंडरझाग याने ते १९३४ मध्ये तयार केलं. चाचणीत ते माणसाला झेपणार नाही असं ठरलं आणि जवळजवळ दहा वर्षं ते कपाटात पडून राहिलं. १९४३ मध्ये ट्युनिस पडलं तेव्हा त्याच्या भावंडाच्या, म्हणजे सोंटोचिनच्या, गोळ्या दोस्त राष्ट्रांच्या हाती लागल्या. अमेरिकेत त्या रेणूंची पुन्हा तपासणी झाली आणि बाजूला टाकलेलं क्लोरोक्विन त्यांत सर्वांत सरस निघालं. स्वस्त, सोसेल असं, तीन दिवसांत काम करणारं. कोयनेलाच्या मानाने ही फारच मोठी झेप होती.

ते काम कसं करतं हेही सांगण्यासारखं आहे. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. त्या खाण्यातून लोहयुक्त 'हीम' उरतं आणि ते परजीवीलाच विषारी असतं. म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवून बाजूला सारतो. क्लोरोक्विन नेमकं त्याच्या पोटातल्या पोकळीत साठतं आणि स्फटिक बनू देत नाही. परजीवी आपल्याच उष्ट्याने मरतो.

१९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचं रूपांतर निर्मूलनाच्या मोहिमेत झालं. घराच्या भिंतींवर डीडीटी आणि तापाच्या माणसाला क्लोरोक्विन, हे मोहिमेचे दोन पाय. विदर्भातल्या जुन्या घरांच्या भिंतींवर मलेरियावाल्यांचे शिक्के कित्येक वर्षं दिसत. खाकी कपड्यांतला माणूस पंधरवड्याने यायचा, दारात उभा राहून 'घरात कोणाला ताप आहे का, येऊन गेला का' एवढं विचारायचा. असेल तर डाव्या हाताचं बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टोचायचा, काचपट्टीवर रक्ताचा एक जाड ठिपका आणि एक पातळ पसारा घ्यायचा, पट्टीवर क्रमांक घालून ती कागदात गुंडाळायचा. मग मोठ्या माणसाला क्लोरोक्विनच्या चार गोळ्या समोरच गिळायला लावायचा. काचपट्टी तालुक्याला जायची, तिथे रंगवली जायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बसायची. परजीवी दिसला तर तो माणूस पुन्हा दारात यायचा, या वेळी प्रायमाक्विन घेऊन. भारताच्या आरोग्यसेवेत इतक्या दारांपर्यंत इतक्या वेळा पोचलेलं दुसरं काम शोधून सापडणार नाही. त्या खाकी माणसांची नावं कुठल्याच इतिहासात नाहीत, आणि ही गोष्ट मनाला लागते.

या मोहिमेने चमत्कार केला. १९६५ मध्ये देशभरात हिवतापाचे रुग्ण अवघे एक लाखाच्या आसपास उरले. तेव्हा केंद्रात आरोग्यमंत्री होत्या सेवाग्रामच्याच डॉ. सुशीला नय्यर. १९६२ ते १९६७ या काळात त्यांनी ते खातं सांभाळलं. त्यानंतर हात सैल पडला. डीडीटीला दाद न देणारे डास वाढले, पैसा आटला, फिरते कामगार इतर कामांना लागले. १९७६ मध्ये रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर गेला. १९७७ मध्ये सरकारने निर्मूलनाचा हट्ट सोडून सुधारित योजना आणली आणि गावोगावी औषध वाटप केंद्रं सुरू केली. गावातल्याच कुणाकडे क्लोरोक्विनचा डबा ठेवायचा, ताप आला की तिथे जायचं. पोस्टातल्या पुडीमागचा विचारच वेगळ्या रूपाने परत आला होता.

त्याच सुमारास नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेले दोन डॉक्टर भामरागडच्या रानात जाऊन राहिले. बाबा आमट्यांनी डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी तिथे दवाखाना मांडला. इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम या नद्यांच्या संगमाचा हा मुलूख. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटायचं. आणि फाल्सिपेरम जातीचा, मेंदूपर्यंत जाणारा हिवताप जोर धरतो तो पाऊस सरता सरता. आणलेला माणूस बेशुद्ध, झटके येत असलेला, घरचे मंत्र-तंत्र करून थकलेले. अशा वेळी गोळी गिळवता येत नाही. क्विनाइनच शिरेतून, ग्लुकोजच्या सलाइनमध्ये, चार-चार तास थेंबाथेंबाने द्यावं लागतं. ग्लुकोज यासाठी की हे औषध रक्तातली साखर खाली ओढतं. दीडशे वर्षांपूर्वीचं कोयनेल, क्लोरोक्विनच्या जमान्यातही, मरणाच्या दारातला माणूस माघारी आणण्यासाठी तेच लागायचं. बेशुद्ध आणलेला माणूस दोन-तीन दिवसांनी उठून बसला, की त्या एका माणसामुळे पाच गावं दवाखान्यावर विश्वास ठेवत. या शतकात आर्टेस्युनेट नावाचं, क्विनोलिनच्या घराण्याबाहेरचं औषध मोठ्या चाचण्यांत क्विनाइनहून जास्त जीव वाचवणारं ठरलं आणि त्याने शिरेतल्या कोयनेलाची जागा घेतली.

क्लोरोक्विनचंही एकछत्री राज्य फार टिकलं नाही. भारतात त्याला दाद न देणारा फाल्सिपेरम परजीवी पहिल्यांदा १९७३ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये नोंदला गेला. परजीवीने एका प्रथिनात बदल करून घेतला होता. आपल्या पोकळीत साठलेलं क्लोरोक्विन तो उपसून बाहेर टाकू लागला. हा बदल देशभर पसरत मध्य भारताच्या रानांतही आला. १९८२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला, आणि राज्याच्या हिवतापाच्या तक्त्यात या जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं वरच राहिलं. २०१० पासून देशभर फाल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनची जोड-औषधं आली. क्लोरोक्विन उरलं ते व्हायव्हॅक्स जातीसाठी.

नागपूरच्या प्रयोगशाळांचं काय? १९०६ मध्ये सुरू झालेलं व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे आजची विज्ञान संस्था, १९२३ मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ, आणि लक्ष्मीनारायण संस्था. शहरात रसायनशास्त्राची शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे. एम. एस्सी. करणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांना स्क्राउपची अभिक्रिया पाठ करावी लागली. झ्डेंको स्क्राउप याने व्हिएन्नात १८८० मध्ये शोधलेली ही रीत दिसायला सोपी आहे. चंबूत अॅनिलिन, ग्लिसरीन, नायट्रोबेन्झीन आणि जोरदार सल्फ्युरिक आम्ल घालायचं. चिमूटभर हिराकस घालायला विसरायचं नाही, नाहीतर मिश्रण एकाएकी उसळतं आणि चंबूतला माल छताला लागतो. तापवताना ग्लिसरीनचं पाणी उडून अॅक्रोलिन बनतं. जळक्या तेलाचा डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो तो त्याचाच. तास-दोन तासांनी चंबूत काळंकुट्ट डांबरासारखं काहीतरी उरतं. त्यातलं आम्ल अल्कलीने मारायचं, त्यातून वाफ सोडायची, आणि वाफेबरोबर पिवळसर तेलाचे थेंब खाली येऊ लागतात. तेच क्विनोलिन. बाटलीत उजेडात ठेवलं की काही दिवसांत तपकिरी पडतं.

इथून पुढचं काम म्हणजे या कड्यांवर वेगवेगळे गट चिकटवून नवी संयुगं करणं, त्यांची शुद्धता तपासणं, आणि ती जिवाणूंवर टाकून पाहणं. आगरच्या थाळीवर जिवाणू पसरायचे, संयुगात भिजवलेली कागदी चकती ठेवायची, एक रात्र उबेत ठेवून सकाळी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. भारतातल्या शेकडो प्रबंधांचा शेवट या वर्तुळाशी होतो. पुढे प्राण्यांवरच्या चाचण्या, विषारीपणा, माणसांवरच्या चाचण्या ही वाट फार खर्चाची असते आणि विद्यापीठांकडे ती सोय नसते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेकडे ती होती. तिथून बुलाक्विन हे प्रायमाक्विनचं भावंड निघालं. नागपूरच्या संशोधकांनी क्विनोलिनचे वेगळेच गुण वापरले. ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन धातूंना घट्ट धरून ठेवतं, म्हणून त्यापासून पाण्यातले धातू शोषणारी राळ तयार करण्याचं काम इथे झालं. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात क्विनोलिनची निळा प्रकाश देणारी संयुगं बनवली गेली, दिव्यांसाठी आणि पडद्यांसाठी. औषधाच्या कथेत ती बसत नाहीत, पण या दोन कड्या किती तऱ्हेने कामाला येतात हे त्यांतून दिसतं.

या घराण्याने माणसाला दगाही दिला आहे, आणि तो भाग गाळून चालणार नाही. क्लिओक्विनॉल हे ८-हायड्रॉक्सिक्विनोलिनचं, क्लोरीन आणि आयोडीन जोडलेलं रूप. 'एन्टेरोव्हायोफॉर्म' या नावाने ते भारतात घरोघरी होतं. पोट बिघडलं की डॉक्टरला न विचारता घ्यायची गोळी. जपानमध्ये या औषधाने दहा हजारांवर माणसांच्या पाठीच्या कण्यातले मज्जातंतू आणि डोळे अधू केले. १९७० मध्ये तिथे त्यावर बंदी आली. भारतात असं होतं का, हा प्रश्न मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया यांनी हाती घेतला आणि मुंबईतल्या रुग्णांवरची निरीक्षणं १९७७ मध्ये छापली. अशा निरीक्षणांना तातडीने कान दिला गेला असता तर बरं झालं असतं. भारतातल्या दुकानांत ही गोळी त्यानंतरही मिळत राहिली.

दुसऱ्या टोकाला बेडाक्विलिन आहे. क्षयाच्या जंतूचं ऊर्जा तयार करण्याचं यंत्रच बंद पाडणारं हे क्विनोलिन, २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत मान्य झालं. चाळीस वर्षांत क्षयासाठी आलेलं पहिलं नव्या जातीचं औषध. त्याआधी औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर महिनोन्‌महिने सुया टोचाव्या लागत, आणि त्या सुयांनी अनेकांचे कान गेले. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांचेही गेले. बेडाक्विलिनचं पेटंट आणखी काही वर्षं लांबवण्याच्या कंपनीच्या अर्जाविरुद्ध त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी हरकत घेतली, आणि २०२३ च्या मार्चमध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. स्वस्त गोळ्यांचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. औषध रुग्णापर्यंत पोचवण्याची लढाई या वेळी कायद्याच्या कागदांवर लढली गेली.

आणि २०२०. करोना आला आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे नाव ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. आयसीएमआरने आरोग्यसेवकांना ते प्रतिबंधक म्हणून सुचवलं, सरकारने निर्यात रोखली, औषधाच्या दुकानांवर ते चिठ्ठीशिवाय देण्यावर निर्बंध आले. आचार्य रायांच्या बेंगॉल केमिकलला एप्रिलमध्ये ते बनवण्याचा परवाना मिळाल्याची बातमी देशभर गाजली. त्या दिवसांत संधिवाताच्या आणि ल्युपसच्या रुग्णांना आपल्या रोजच्या गोळीसाठी दुकानोदुकानी फिरावं लागलं. हा त्यांच्यावर अन्याय होता. जूनमध्ये इंग्लंडच्या 'रिकव्हरी' चाचणीने स्पष्ट केलं की इस्पितळातल्या करोना रुग्णांना या औषधाने काहीच फायदा होत नाही. पुरेशा पुराव्याआधी आशा पुढे धावली, आणि तिची किंमत ज्यांना खरी गरज होती त्यांनी मोजली.

विदर्भाच्या संदर्भात सर्वांत मोलाचा धागा मात्र रक्तात सापडतो. १९५२ मध्ये भारतात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची पहिली नोंद झाली ती निलगिरीच्या डोंगरातल्या लोकांत. सिंकोना लावला तोच निलगिरी. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं की सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या माणसाला फाल्सिपेरमपासून बरंच संरक्षण मिळतं. आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या लोकांत हा जनुक असल्याची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. म्हणजे विदर्भात हिवताप किती जुना आहे याची साक्ष कुठल्या बखरीत नाही, ती इथल्या माणसांच्या तांबड्या पेशींत आहे. ज्या पिढ्यांना कोयनेल मिळालं नाही त्यांना त्यांच्या रक्तानेच जमेल तसं वाचवलं, आणि त्याची भरपाई आज सिकलसेलची मुलं वेदनेने करत आहेत.

हिवतापाने रक्तात ठेवलेली दुसरी खूण म्हणजे जी-६-पीडी या विकराची कमतरता. भारतात तिची सुरुवातीची नोंद १९६३ मध्ये मुंबईच्या पारशी समाजात झाली, पण ती अनेक आदिवासी समाजांतही बरीच आढळते. एरवी ती माणसाला जाणवतही नाही. प्रायमाक्विन दिलं की मात्र अशा माणसाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, लघवी काळसर होते, रक्त झपाट्याने उतरतं. १९५६ मध्ये हे कोडं सुटलं तेच मुळी प्रायमाक्विन घेऊन आजारी पडलेल्यांच्या रक्ताच्या तपासणीतून. आणि व्हायव्हॅक्स मुळापासून काढायचा तर प्रायमाक्विनला टाळता येत नाही. हा परजीवी यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतो आणि क्लोरोक्विन त्या झोपलेल्या परजीवीला शिवू शकत नाही. झोपलेल्याला मारतात ती फक्त ८-अमिनोक्विनोलिनं, म्हणजे प्रायमाक्विन आणि त्याचं नवं भावंड टॅफेनोक्विन.

प्रायमाक्विन चौदा दिवस रोज घ्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी ताप गेला की उरलेले अकरा दिवस गोळी कोण घेणार? धान कापणीच्या दिवसांत तर नाहीच. टॅफेनोक्विन एका डोसात संपतं. २०१८ मध्ये अमेरिकेत ते मान्य झालं. पण ते शरीरात कित्येक आठवडे टिकतं, म्हणून जी-६-पीडीची पातळी आधी मोजल्याशिवाय ते देता येत नाही. त्या चाचणीचं हातात मावणारं यंत्र आता निघालं आहे, बोटाच्या रक्ताच्या एका थेंबावर ते चालतं. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात अशी चाचणी होणं पुरेसं नाही. ती एटापल्ली आणि भामरागडच्या उपकेंद्रांत, आशाताईच्या पिशवीत असायला हवी, पर्लकोटेला पूर येण्याच्या आधी.